ठोका कुठे पडला?

आज एका परक्या भाषेतल्या एका शब्दापासून सुरुवात करू. भाषा आहे इटालियन आणि शब्द आहे ‘कापितानो’. रोमन लिपीत तो आठ वर्णांनी लिहितात. बोलताना त्याचे चार तुकडे पडतात : का-पि-ता-नो. आता बोटाने बाकावर ठोका देत हा शब्द तीन वेळा म्हणायचा आहे, आणि प्रत्येक वेळी ठोका वेगळ्या तुकड्यावर द्यायचा आहे. ज्या तुकड्यावर जोर द्यायचा त्याच्या आधी ′ अशी खूण केली आहे.

का-पि-′ता-नो : जहाजाचा किंवा संघाचा कप्तान.
′का-पि-ता-नो : (गोष्टी) घडतात.
का-पि-ता-′नो : त्याने नेतृत्व केले.

वर्ण तेच, त्यांचा क्रम तोच. पण ठोका हलला की अर्थ बदलला! तिन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिन भाषेतला ‘कापुत’ म्हणजे ‘डोके’ हा एकच शब्द आहे. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला ‘कप्तान’ हाही याच घराण्यातला.

अशा जोड्या इटालियनमध्ये पुष्कळ आहेत. ′आन्-को-रा म्हणजे जहाजाचा नांगर, तर आन्-′को-रा म्हणजे ‘अजून’ किंवा ‘पुन्हा’. ′प्रिन्-चि-पि म्हणजे राजपुत्र, प्रिन्-′ची-पि म्हणजे तत्त्वे. ′पार्-लो म्हणजे ‘मी बोलतो’ आणि पार्-′लो म्हणजे ‘तो बोलला’. ठोका एक घर सरकला की वर्तमानकाळाचा भूतकाळ होतो आणि ‘मी’चा ‘तो’ होतो.

मराठीत असे होत नाही. ‘पाऊस’ हा शब्द पहिल्या तुकड्यावर जोर देऊन म्हणा किंवा दुसऱ्यावर. ऐकणाऱ्याला तुमचे बोलणे विचित्र वाटेल, पण पावसाचा वारा होणार नाही. वेदांच्या भाषेत मात्र स्वराच्या चढउताराला असे महत्त्व होते. ‘इंद्रशत्रु’ या सामासिक शब्दाचा स्वर चुकला आणि ‘इंद्राला मारणारा’ याऐवजी ‘इंद्र ज्याला मारणार तो’ असा अर्थ झाला, ही जुनी कथा तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. वेदांतला स्वर आवाजाच्या उंचीचा होता आणि इटालियनमधला ठोका जोराचा आहे. पण अर्थ फिरवण्याचे काम दोघांचेही सारखेच.

शास्त्रीय भाषेत या ठोक्याला ‘आघात’ म्हणतात. आता खरा प्रश्न असा, की इटालियन लिहिताना हा आघात बहुतेक शब्दांत दाखवतच नाहीत. ‘कप्तान’ आणि ‘घडतात’ हे दोन्ही शब्द कागदावर अगदी सारखे दिसतात. मग ठोका कुठे द्यायचा हे ठरवले कोणी? याचे उत्तर शोधायला आधी शब्दाचे तुकडे कसे पडतात ते पाहिले पाहिजे.

शब्दाचे तुकडे

हनुवटीखाली तळहात आडवा धरा आणि सावकाश ‘महाबळेश्वर’ म्हणा. हनुवटी पाच वेळा हाताला टेकेल : म-हा-ब-ळेश्-वर. लिहिताना मात्र आपण म, हा, ब, ळे, श्व, र अशी सहा अक्षरे लिहितो. म्हणजे लिहिण्यातले अक्षर आणि उच्चारातले अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. उच्चारातल्या एका अक्षरात एकच स्वर असतो आणि आजूबाजूची व्यंजने त्याला चिकटलेली असतात. या लेखात ‘अक्षर’ म्हणजे उच्चारातले अक्षर, एवढे लक्षात ठेवा.

इटालियन शाळांत मुलांना अक्षरे पाडायचे नियम शिकवतात, कारण ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तर तो कुठे तोडायचा हे त्यांवरून ठरते. मुख्य नियम असे :

१. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जाते. का-सा (घर), ता-वो-ला (टेबल).

२. एकच व्यंजन दोनदा आले तर ते दोन्हीकडे वाटले जाते. गात्-तो (मांजर), नोन्-नो (आजोबा).

३. ल, र, म, न यांच्यापुढे दुसरे व्यंजन आले तर ते मागेच राहतात. पार्-ते (भाग), काम्-पो (शेत).

४. प, ब, त, द, क, ग यांच्यासारख्या व्यंजनाला र किंवा ल जोडलेला असेल तर ती जोडी फुटत नाही. मा-द्रे (आई), ली-ब्रो (पुस्तक).

५. ‘स’ला पुढे व्यंजन जोडलेले असेल तर ‘स’ पुढच्या अक्षरात जातो. पा-स्ता, फि-ने-स्त्रा (खिडकी).

या पाचव्या नियमापाशी एक खूण करून ठेवा. त्याची उलटतपासणी आपण पुढे घेणार आहोत.

लघु-गुरूची ओळख

दुसरा नियम आपल्याला परका नाही. मराठीत ‘पती’ वेगळा आणि ‘पत्ती’ वेगळी. ‘गडी’ वेगळा आणि ‘गड्डी’ वेगळी. इटालियनमध्ये नोनो म्हणजे नववा, नोन्नो म्हणजे आजोबा. सेते म्हणजे तहान, सेत्ते म्हणजे सात. काने म्हणजे कुत्रा, कान्ने म्हणजे वेत किंवा बोरू. पेना म्हणजे शिक्षा आणि पेन्ना म्हणजे लेखणी!

इटालियन माणूस हे शब्द म्हणतो तेव्हा कान देऊन ऐकले तर आणखी एक गोष्ट कळते. ‘नोनो’ म्हणताना तो पहिला ‘ओ’ लांबवतो. ‘नोन्नो’ म्हणताना तोच ‘ओ’ आखूड होतो आणि जीभ ‘न’वर क्षणभर थांबते. पहिल्या शब्दात स्वर जागा भरतो, दुसऱ्यात व्यंजन.

कवितेची वृत्ते शिकताना तुम्ही लघु आणि गुरू अक्षरे पाहिली असतील. दीर्घ स्वराचे अक्षर गुरू. पण स्वर ऱ्हस्व असूनही पुढे जोडाक्षराचा आघात आला तर तेही गुरूच मानतात. ‘हस्त’मधला ‘ह’ गुरू तो यामुळेच. हा नियम इटालियनला लावून पाहा. मग दिसेल, की ठोका ज्या अक्षरावर पडतो ते अक्षर गुरू होते. ते स्वरावर संपत असेल तर स्वर लांबतो. व्यंजनावर संपत असेल तर स्वर आखूड राहून व्यंजन वजन पुरवते.

शब्दाच्या अगदी शेवटी ठोका पडला तर? ‘शहर’ या अर्थाचा इटालियन शब्द आहे चित्-′ता. (आपल्याकडचा चित्ता हा प्राणी नव्हे!) शेवटचा स्वर लांबत नाही आणि पुढे व्यंजनही नाही. अशा वेळी तोस्काना, रोम आणि दक्षिण इटलीतले लोक पुढच्या शब्दाचे व्यंजन उसने घेतात. ‘चित्ता बेल्ला’ म्हणजे ‘सुंदर शहर’; त्याचा उच्चार ते ‘चित्ताब्बेल्ला’ असा करतात. उत्तर इटलीत ही पद्धत नाही.

सेत्ते आणि सात

इथे थोडे गोव्याला जाऊन येऊ. फ्लोरेन्स शहरातला फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा एक व्यापारी १५८० नंतरच्या दशकात कोची आणि गोवा येथे राहत होता. १५८८ साली तो गोव्यातच मरण पावला. त्याने मायदेशी पाठवलेल्या पत्रांत एक निरीक्षण नोंदवले आहे. इथल्या विद्वानांच्या भाषेतले, म्हणजे संस्कृतमधले, काही शब्द त्याला आपल्या भाषेतल्या शब्दांसारखे वाटले. देव आणि दिओ, सर्प आणि सेर्पे, शिवाय सहा, सात, आठ, नऊ हे आकडे. या सारखेपणाचे कारण त्याला सांगता आले नाही. पुढे १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात असे मत मांडले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा बहुधा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. इटालियन ही लॅटिनची लेक. म्हणजे सेत्ते आणि सात हे दूरचे भाऊ ठरतात.

आता हे भाऊ कसे वाढले ते पाहा. लॅटिनमध्ये सातला ‘सेप्तेम’ म्हणत. ‘प्त’ ही जोडी जिभेला जड, म्हणून तिचा ‘त्त’ झाला आणि इटालियनमध्ये ‘सेत्ते’ आले. आपल्याकडे संस्कृत ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ झाले. अगदी तोच बदल! पण मराठी इथे थांबली नाही. ‘सत्त’मधला एक ‘त’ गळाला आणि त्याच्या बदल्यात ‘स’चा स्वर दीर्घ झाला : सात. आठचेही तसेच. लॅटिन ‘ओक्तो’चे इटालियनमध्ये ‘ओत्तो’ झाले. संस्कृत ‘अष्ट’चे प्राकृतात ‘अट्ठ’ आणि मराठीत ‘आठ’. दुधासाठी दोन्हीकडचे मूळ शब्द वेगळे आहेत, पण वाट तीच आहे : लॅटिन ‘लाक्ते’चे ‘लात्ते’, संस्कृत ‘दुग्ध’चे ‘दुद्ध’ आणि मग ‘दूध’.

सप्त, सत्त, सात हे तिन्ही शब्द लघु-गुरूच्या तराजूत घाला. पहिले अक्षर तिन्ही ठिकाणी गुरूच! व्यंजन गेले तरी त्याचे वजन स्वराने भरून काढले. विज्ञानाच्या तासाला तुम्ही द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम शिकता, त्याची ही आठवण करून देते. भाषेतले नियम भौतिकशास्त्रातल्या नियमांइतके कडक नसतात, त्यांना अपवाद असतात. पण वजन राखण्याची ही ओढ मात्र जगातल्या अनेक भाषांत आढळते.

ठोका कोणी ठरवला?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लॅटिन भाषेत ठोक्याची जागा नियमाने ठरत असे आणि तो नियम लघु-गुरूचाच होता. शेवटून दुसरे अक्षर पाहायचे. ते गुरू असेल तर ठोका त्यावर. लघु असेल तर ठोका शेवटून तिसऱ्यावर.

‘मित्र’ या अर्थाचा लॅटिन शब्द ‘आमीकुस’. त्यात ‘मी’ दीर्घ, म्हणून आ-′मी-कुस. ‘वैद्य’ या अर्थाचा शब्द ‘मेदिकुस’. त्यात ‘दि’ ऱ्हस्व, म्हणून ठोका मागे सरकून ′मे-दि-कुस. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहिता येतात, त्यामुळे तुम्हाला हे लगेच दिसते. रोमन लिपीत मात्र दोन्ही ‘इ’ सामान्यतः एकाच वर्णाने लिहीत. बोलणाऱ्याला फरक कानांनी माहीत असे.

पुढे रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळात लोकांच्या बोलण्यातून लॅटिनमधला हा ऱ्हस्व-दीर्घ भेद पुसला गेला. याचा एक साक्षीदार आहे संत ऑगस्टीन (इ. स. ३५४ ते ४३०). तो उत्तर आफ्रिकेत राहत असे. लॅटिनमध्ये ‘ओस’ हा शब्द ऱ्हस्व स्वराने म्हटला तर ‘हाड’ आणि दीर्घ स्वराने म्हटला तर ‘तोंड’. ऑगस्टीनने लिहून ठेवले आहे, की आफ्रिकेतल्या लोकांच्या कानांना हा फरक कळत नाही. म्हणून लोकांना शिकवणाऱ्याने व्याकरणशुद्ध ‘ओस’चा आग्रह न धरता हाडासाठी सरळ ‘ओस्सुम’ म्हणावे. शुद्ध बोलून कोणाला कळलेच नाही तर त्या शुद्धतेचा उपयोग काय? आजच्या इटालियनमध्ये हाडाला ‘ओस्सो’ म्हणतात. लोकांच्या तोंडचा शब्दच अखेर टिकला.

ऱ्हस्व-दीर्घ भेद गेला, पण ठोका मात्र जागचा हलला नाही. आजही मित्र म्हणजे आ-′मी-को आणि वैद्य म्हणजे ′मे-दि-को. भिंतीवरची तसबीर काढून नेली तरी खिळा तिथेच राहतो, तसे हे झाले. खिळा इथेच का, हे आजच्या भिंतीकडे पाहून कळत नाही. पूर्वी तिथे काय टांगले होते ते माहीत असावे लागते. इटालियन ठोका कुठे पडतो याचा नियम आजच्या वर्णांत पुरता सापडत नाही, याचे कारण हेच. तो नियम दोन हजार वर्षांपूर्वीच्या अक्षरांच्या वजनात आहे.

मग चित्-′ता या शब्दात ठोका शेवटी कसा? लॅटिनमध्ये तर तो सहसा शेवटच्या अक्षरावर पडतच नसे. याचेही उत्तर इतिहासात आहे. लॅटिन ‘कीविताते’ या शब्दात ठोका ‘ता’वर, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरावर होता. त्याचे जुन्या इटालियनमध्ये ‘चित्तादे’ झाले. पुढे ‘दे’ गळून पडला आणि ठोक्याचे अक्षर आपोआप शेवटचे झाले. ‘सद्गुण’ या अर्थाचा वीर्-′तू हा शब्दही असाच ‘वीर्तूदे’चे शेपूट तुटून तयार झाला आहे. इटालियन व्याकरणात अशा शब्दांना ‘त्रोंका’ म्हणजे ‘छाटलेला’ असेच म्हणतात! ठोका शेवटून दुसऱ्या अक्षरावर असेल तर शब्द ‘प्याना’ म्हणजे सपाट. बहुसंख्य इटालियन शब्द असे आहेत. तिसऱ्यावर असेल तर तो ‘झ्द्रुच्चोला’ म्हणजे घसरडा, कारण ठोक्यानंतर जीभ दोन पायऱ्या घसरत खाली येते. ′का-पि-ता-नो हा तर दुहेरी घसरडा झाला.

वेनिस शहरातला प्रसिद्ध मुद्रक आल्दो मानुत्सियो याने पिएत्रो बेम्बो या विद्वानाच्या साहाय्याने १५०१ साली पेत्रार्का या कवीच्या कविता छापल्या. इटालियन छपाईत लोपचिन्ह आणि आघातचिन्ह रुळायला त्या काळापासून सुरुवात झाली. आजचा नियम असा, की एकाहून अधिक अक्षरे असलेल्या छाटलेल्या शब्दावर शेवटी आघातचिन्ह द्यायलाच हवे. काही एकाक्षरी शब्दांवरही ते देतात. बाकी शब्दांवर ते सहसा देत नाहीत. वाचणाऱ्याला शब्द माहीत आहे असे गृहीत धरतात.

कवींना मात्र ठोक्याचा हिशेब ठेवावाच लागला. दान्तेचे (१२६५ ते १३२१) ‘दिव्हिना कोम्मेदिया’ हे महाकाव्य १४,२३३ ओळींचे आहे आणि त्याची ओळ ‘अकरा अक्षरी’ म्हणून ओळखली जाते. आपल्या इंद्रवज्रा वृत्तातही चरणात ११ अक्षरे असतात. पण इंद्रवज्रेत कोणते अक्षर लघु आणि कोणते गुरू हे ठरलेले असते. इटालियन ओळीत ठरलेली मुख्य गोष्ट एकच : शेवटचा ठोका दहाव्या अक्षरावर पडला पाहिजे. ओळीच्या शेवटी सपाट शब्द आला तर अकरा अक्षरे होतात, छाटलेला आला तर दहाच, आणि घसरडा आला तर बारा. तरी तिन्ही ओळी ‘अकरा अक्षरी’च!

ब्वोनो आणि बोन्ता

आता एक कोडे सोडवू. इटालियनमध्ये ‘चांगला’ म्हणजे ‘ब्वोनो’, पण ‘चांगुलपणा’ म्हणजे ‘बोन्ता’. ‘नवा’ म्हणजे ‘न्वोवो’, पण ‘नवलाई’ म्हणजे ‘नोविता’. विस्तव म्हणजे ‘फ्वोको’, पण चूल म्हणजे ‘फोकोलारे’. पाऊल म्हणजे ‘प्येदे’, पण पादचारी म्हणजे ‘पेदोने’. एकाच घरातल्या शब्दांत कधी ‘वो’, ‘ये’ आणि कधी नुसता ‘ओ’, ‘ए’ का?

ठोक्याच्या खुणा करा म्हणजे कोडे सुटेल : ′ब्वो-नो, बोन्-′ता, ′न्वो-वो, नो-वि-′ता, ′फ्वो-को, फो-को-′ला-रे, ′प्ये-दे, पे-′दो-ने. लॅटिनमध्ये या सगळ्यांत साधा ऱ्हस्व ‘ओ’ किंवा ‘ए’ होता. ज्या अक्षरावर ठोका पडला आणि जे अक्षर स्वरावर संपत होते, तिथे स्वर ताणला गेला आणि ताणता ताणता दुभंगला. ‘ओ’चा ‘वो’ झाला आणि ‘ए’चा ‘ये’. ठोका पुढच्या अक्षरावर गेला, की मागचा स्वर सुटला आणि तसाच राहिला. अक्षर व्यंजनावर संपत असेल तर ठोका पडूनही स्वर ताणला जात नाही, म्हणून तो दुभंगत नाही. ‘सेत्-ते’चे ‘स्येत्ते’ आणि ‘ओत्-तो’चे ‘वोत्तो’ झाले नाही ते यामुळे.

शब्दाचे तुकडे, ठोका आणि नवे शब्द बनवणे या तीन गोष्टी व्याकरणाच्या पुस्तकात तीन वेगळ्या धड्यांत येतात. प्रत्यक्षात त्या एकाच यंत्राची चाके आहेत. एक फिरले की बाकीची फिरतात.

मराठीतही असे एक यंत्र आहे आणि शुद्धलेखनात आपण सगळे त्याच्याशी झगडत असतो. दूध पण दुधाचा, फूल पण फुलाला, पीठ पण पिठात. मागे प्रत्यय लागला, अक्षरांची मांडणी बदलली की दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो.

इटालियनमधले हे यंत्र आज थोडे ढिले पडले आहे. ‘फार चांगला’ म्हणताना पुष्कळ लोक ‘बोनिस्सिमो’ऐवजी ‘ब्वोनिस्सिमो’ म्हणतात. ठोका पुढे गेला आहे, तरी ‘वो’ कायम! कारण ‘ब्वोनो’शी असलेले नाते त्यामुळे कानाला ओळखता येते. उच्चाराची सोय एकीकडे ओढते आणि ओळख दुसरीकडे. भाषा या रस्सीखेचीतूनच बदलत जाते.

‘स’ची उलटतपासणी

आता पाचव्या नियमाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू. शाळेत पा-स्ता असे तोडतात. तसे असेल तर पहिले अक्षर ‘पा’ स्वरावर संपते, त्यावर ठोका आहे, तेव्हा तो स्वर लांबायला हवा. पण इटालियन माणूस ‘पास्ता’तला पहिला स्वर आखूडच म्हणतो. हा पहिला पुरावा.

दुसरा पुरावा ‘नोस्त्रो’ (आमचा) आणि ‘तेस्ता’ (डोके) या शब्दांचा. ‘तेस्ता’चा लॅटिनमधला अर्थ खापर, आपणही गमतीने डोक्याला मडके म्हणतोच. या दोन्ही शब्दांत लॅटिनचा ऱ्हस्व ‘ओ’ आणि ‘ए’ होता आणि ठोकाही त्यांवरच होता. पहिले अक्षर स्वरावर संपत असते तर ‘न्वोस्त्रो’ आणि ‘त्येस्ता’ झाले असते. तसे झाले नाही.

तिसरा पुरावा असा. इटालियनमध्ये पुल्लिंगी नामाआधी ‘इल’ हे उपपद येते : इल लीब्रो. पण नाम ‘स’ आणि व्यंजन यांनी सुरू होत असेल तर ‘लो’ वापरतात : लो स्तुदेन्ते (विद्यार्थी). म्हणजे या ‘स’ला टेकायला मागे एक स्वर लागतो.

तिन्ही पुरावे एकच सांगतात : जीभ ‘पास्-ता’ असेच तोडते. मग शाळेतला नियम चूक का? तसे नाही. तो लेखणीचा आणि छापखान्याचा नियम आहे. सर्वांनी एकसारखे लिहावे एवढेच त्याचे काम. आपणही ‘हस्त’ लिहिताना ‘ह’ आणि ‘स्त’ असे लिहितो, पण वृत्त मोजताना ‘ह’ला गुरू धरतो. लेखणी आणि जीभ यांचे हिशेब वेगळे असू शकतात, आणि भाषा अभ्यासणाऱ्याला दोन्ही तपासावे लागतात.

ठोका ओढून नेणारे प्रत्यय

मराठीत आपण डबा-डबी, सुरा-सुरी असे लहान-मोठे करतो. इटालियनमध्ये यासाठी प्रत्ययांचा मोठा साठा आहे. ‘ईनो’ आणि ‘एत्तो’ लहानपणा दाखवतात, ‘ओने’ मोठेपणा, आणि ‘आच्चो’ वाईटपणा. ′का-सा म्हणजे घर. का-′सेत्-ता म्हणजे छोटे घर. का-′साच्-चा म्हणजे मोडके, वाईट घर. प्रत्यय लागला की ठोका मूळ शब्दावरून उठून प्रत्ययावर जाऊन बसतो.

एकावर एक प्रत्ययही चढतात. वि-′ओ-ला हे तंतुवाद्य. मोठे झाले की वि-ओ-′लो-ने. त्या मोठ्याचे पुन्हा लहान केले की वि-ओ-लोन्-′चेल्-लो. म्हणजे व्हायोलॉनचेलो हे ‘छोटे मोठे व्हिओला’ झाले! ′स्पा-गो म्हणजे सुतळी आणि स्पा-′गेत्-ति म्हणजे छोट्या सुतळ्या. बशीतल्या शेवयांना हे नाव अगदी शोभते.

यातलाच एक प्रत्यय भौतिकशास्त्रात शिरला. १९३० साली वोल्फगांग पाउली यांनी एका विद्युतभाररहित, अतिशय हलक्या कणाची कल्पना मांडली आणि त्याला ‘न्यूट्रॉन’ म्हटले. पण १९३२ साली जेम्स चॅडविक यांनी एक जड विद्युतभाररहित कण शोधून काढला आणि न्यूट्रॉन हे नाव त्याला मिळाले. आता पाउलींच्या कणाला काय म्हणायचे? न्यूट्रॉनला इटालियनमध्ये नेउ-′त्रो-ने म्हणतात. शेवटचा ‘ओने’ ऐकून इटालियन कानाला वाटते, ‘मोठा उदासीन’. रोममध्ये एन्रिको फेर्मी यांचे सहकारी एदोआर्दो आमाल्दी यांनी गप्पांत गमतीने म्हटले, की मग हा ‘छोटा उदासीन’, नेउ-′त्री-नो! फेर्मींनी ते नाव शास्त्रीय परिषदांतून वापरले आणि ते जगभर रूढ झाले. पुढे १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंचा पुरावा मिळवला. ‘न्यूट्रिनो’ म्हणताना आपण नकळत इटालियन व्याकरण वापरत असतो.

सगळे प्रत्यय मात्र ठोका स्वतःकडे घेत नाहीत. ′आ-तो-मो म्हणजे अणू. त्याला ‘इको’ लागला की आ-′तो-मि-को. इथे ठोका प्रत्ययाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबतो. आणि क्रियापदाला चिकटणारी सर्वनामे तर ठोक्याला हातच लावत नाहीत. ′पोर्-ता म्हणजे ‘आण’. ′पोर्-ता-मि म्हणजे ‘मला आण’. ′पोर्-ता-मे-लो म्हणजे ‘ते मला आणून दे’. शेपूट वाढत गेले, पण ठोका जागचा हलला नाही. यावरून भाषाशास्त्रज्ञ ओळखतात, की ही सर्वनामे जोडून लिहिली तरी ती पाहुणी आहेत. घरच्या प्रत्ययांचे वजन त्यांना नाही.

पण नुसत्या शेवटावरून अंदाज बांधू नका. ‘मात्तो’ म्हणजे वेडा. मग ‘मात्तोने’ म्हणजे मोठा वेडा? नव्हे, वीट! ‘बोत्ते’ म्हणजे पिंप. पण ‘बोत्तोने’ म्हणजे गुंडी. शब्दाचा इतिहास तपासल्याशिवाय निकाल देऊ नये.

करून पाहा

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज घेता येईल. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाने सात, आठ, हात, दूध, भात, कान, काम अशा मराठी शब्दांची यादी करून शब्दकोशातून त्यांची संस्कृत व प्राकृत रूपे शोधावीत आणि प्रत्येक टप्प्यावर पहिल्या अक्षराचे वजन मांडावे. दुसऱ्या गटाने फूल-फुलाला यांसारख्या जोड्या जमवून स्वर नेमका कधी ऱ्हस्व होतो ते शोधावे. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, की मुलांना आपल्याच बोलण्यात दडलेला तराजू दिसू लागेल. अपवाद सापडले तर ते वगळू नका. वेगळ्या रकान्यात लिहा आणि त्यांची कारणे शोधा. सास्सेत्तीच्या हाती केवळ मूठभर शब्द होते. तुमच्याकडे पूर्ण मराठी भाषा आहे.